गॅसवरचं बसून चालवायचं मोवर: भीती टाकीची, धोका उताराचा

गॅसवर, म्हणजे एलपीजीवर चालणारं गवत कापायचं मोवर म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "टाकी फुटणार नाही ना?" पाचगणीच्या शाळेचं मैदान असो, वाईजवळचं रिसॉर्ट असो की सांगलीकडच्या साखर कारखान्याची कॉलनी असो, विचारणारा बदलतो, प्रश्न तोच राहतो. मैदानाला उतार किती आहे, खालचा ताल, म्हणजे दगड रचून केलेली भिंत, किती उंच आहे, सीटखालचा स्विच चालू आहे की कुणी वायर जोडून टाकली आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. बसून चालवायच्या मोवरवर माणूस जातो तो बहुतेक वेळा मशीन कलंडून अंगावर आल्याने. गॅस नीट हाताळायला अर्ध्या दिवसात शिकता येतं. उतार मात्र रोज नव्याने बघावा लागतो. म्हणून या लेखात गॅसचं सगळं सांगायचं आहेच, पण मैदानाबद्दलही तितकंच.

आधी गॅस कशासाठी, ते. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि छोट्या इंजिनांच्या बहुतेक कंपन्या १० टक्क्यांच्या वर इथेनॉल चालत नाही असं लिहून देतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसाळ्यात टाकीत दोन महिने पडून राहिलेल्या पेट्रोलच्या तळाशी पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन बसतं, कार्बोरेटरचा जेट हिरवट मळीने बुजतो आणि सप्टेंबरात मशीन काढलं की आधी मेकॅनिक शोधावा लागतो. गॅस शिळा होत नाही, सांडत नाही, कार्बोरेटर गंजवत नाही. शाळेच्या आवारात पेट्रोलचे कॅन साठवायची गरज उरत नाही, हा आणखी एक फायदा. बदल्यात ताकद थोडी कमी मिळते, साधारण ५ ते १० टक्के. लिटरमध्ये मोजलं तर इंधन जास्त लागतं, कारण एक लिटर द्रव गॅसचं वजन जेमतेम अर्धा किलो भरतं. २० हॉर्सपॉवरच्या आसपासचं इंजिन हरळीच्या मैदानावर पूर्ण भाराने चालवलं तर तासाला अडीच ते साडेतीन किलो गॅस धरावा. म्हणजे १५ किलोच्या टाकीत साधारण पाच तास.

कोणती टाकी लावायची, कोणती नाही

घरची १४.२ किलोची लाल सिलिंडर मोवरला लावायची नाही. ती फक्त स्वयंपाकासाठी आहे आणि दुसऱ्या कामाला वापरणं २००० सालच्या एलपीजी पुरवठा आदेशाप्रमाणे गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी ती तांत्रिकदृष्ट्याही चुकीचीच. तिच्यातून वरची वाफ बाहेर येते आणि तीही शेगडीला पुरेल इतकीच. मोठं इंजिन ओढायला लागलं की आतला द्रव भराभर उकळतो, उकळताना स्वतःच थंड पडतो, टाकीच्या अंगावर घाम येतो, मग पांढरं दव गोठतं आणि दाब बसतो. इंजिन भुकेलं राहून खोकायला लागतं. अशा वेळी टाकी आडवी करायची किंवा तिच्यावर गरम पाणी ओतायचं डोकं कुणी ना कुणी चालवतंच. टाकी आडवी झाली की वाफेऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये घुसतो. शेगडीचा रेग्युलेटर त्यासाठी बनलेलाच नाही.

मोवरला लागते ती फोर्कलिफ्टच्या जातीची टाकी. कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत फोर्कलिफ्टच्या पाठीवर आडवी बांधलेली पाहिली असेल. तिच्यात आत वळवलेली नळी तळाच्या द्रवात बुडालेली असते. टाकीतून द्रव बाहेर येतो आणि मशीनवरच्या व्हेपोरायझरमध्ये इंजिनाच्या उष्णतेवर त्याची वाफ होते. काही लहान मोवर वाफेवर चालणारी असतात, त्यांची टाकी उभी असते. तुमचं मशीन यातलं कोणतं, हे त्याच्या पाटीवर आणि पुस्तकात लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय टाकी मागवू नका. द्रवाच्या मशीनला वाफेची टाकी लावली तर इंजिन दुबळं चालेल, एवढंच. उलटं केलं तर रेग्युलेटर गोठेल, इंजिनात गॅस जास्त जाईल आणि न जळलेला गॅस सायलेन्सरमध्ये भडकेल.

मशीन बाहेरून आणलेलं असेल तर आणखी एक गोष्ट विक्रेत्याकडून लेखी घ्या. अमेरिकेत ही मशीनं एचडी-५ दर्जाच्या गॅसवर लावलेली असतात, त्यात किमान ९० टक्के प्रोपेन असतं. आपल्याकडच्या एलपीजीत प्रोपेनबरोबर ब्युटेन भरपूर असतं. प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतं, ब्युटेन शून्याच्या जरासं खाली. २० अंश हवेत प्रोपेनचा दाब सात बारच्या वर असतो आणि ब्युटेनचा एकच्या आसपास. म्हणून वाफेवरच्या मशीनमध्ये पाचगणीच्या डिसेंबरातल्या सकाळी अर्धी वापरलेली टाकी मेल्यासारखी वागते, हलवली तर आत द्रव डुचमळतो तरी. प्रोपेन आधी उडून गेलेलं असतं, मागे ब्युटेन राहिलेलं असतं आणि थंडीत ते उकळायला तयार नसतं. टाकी खराब नाही, गॅस भेसळीचा नाही. उन्हं वर आल्यावर दहा-अकराला काम सुरू करा किंवा द्रवाच्या पद्धतीचं मशीन घ्या.

भरणं अधिकृत गॅस कंपनीच्या वितरकाकडूनच. पंपावर ऑटो गॅस मिळतो तो वाहनाला कायमच्या बसवलेल्या टाकीसाठी, सुट्या टाकीत भरून घेणं मना आहे. टाकी मान्यताप्राप्त असावी लागते. ही मान्यता देणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचं, म्हणजे पेसोचं मुख्यालय नागपूरला आहे. टाकी कधीही ८० टक्क्यांच्या वर भरायची नसते. उरलेली जागा द्रवाला फुगायला लागते, आणि सांगली-मिरजेच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तो फुगतोच. तपासणीची तारीखही बघून घ्या. नेहमीच्या सिलिंडरवर ती उभ्या पट्टीच्या आतल्या बाजूला रंगवलेली असते. इंग्रजी 'बी' आणि पुढे २७ असेल तर २०२७ च्या एप्रिल ते जूनपर्यंत. 'ए' म्हणजे जानेवारी ते मार्च, 'सी' जुलै ते सप्टेंबर, 'डी' वर्षअखेर. तारीख उलटलेली टाकी घ्यायचीच नाही, मग वितरकाचा माणूस कितीही घाईत असो.

टाकी बसवणं आणि साबणाची परीक्षा

आडव्या टाकीच्या कॉलरमध्ये एक भोक किंवा खाच असते आणि मशीनच्या पाळण्यावर एक खुंटी. खुंटी भोकात गेली की टाकी आपोआप योग्य कुशीवर बसते. सेफ्टी व्हॉल्व वरच्या बाजूला, वाफेच्या जागेत येतो आणि आतली नळी तळाच्या द्रवात. काही जण खुंटी जुळत नाही म्हणून टाकी जराशी फिरवून पट्टा आवळतात. मग सेफ्टी व्हॉल्व द्रवाखाली जातो. उन्हात दाब वाढून तो उघडला तर वाफेऐवजी द्रव फवारतो, आणि एक लिटर द्रवाचा अडीचशे लिटरच्या वर गॅस होतो. खुंटी जुळलीच पाहिजे. जुळत नसेल तर ती टाकी त्या मशीनची नव्हे.

जोडायच्या आधी, नळी टाकीला जोडणाऱ्या कपलिंगच्या तोंडात डोकावून बघा. आत काळी रबरी रिंग असते. ती चिरलेली, चपटी झालेली किंवा गायब असेल तर तिथेच थांबा. हातमोजे घालून कपलिंग हातानेच आवळायचं, पाना लावायचा नाही. पान्याने आवळलं की रिंग चिरते, पुढच्या वेळी गळती होते, मग आणखी जोरात आवळलं जातं. मोजे कशासाठी, तर द्रवाचा एखादा शिंतोडा त्वचेवर उडाला तर भाजल्यासारखी जखम होते, थंडीने.

आता टाकीचा व्हॉल्व हळूहळू उघडा. झटकन उघडला तर आतला जादा प्रवाह रोखणारा झडप-व्हॉल्व, नळी तुटली असं समजून, बंद होतो. मग इंजिन चालू होऊन बसतं किंवा दम धरत नाही, आणि लोक प्लग बदलत बसतात. उपाय साधा आहे. व्हॉल्व पूर्ण बंद करायचा, मिनिटभर थांबायचं, आत टक् असा बारीक आवाज येतो, मग पुन्हा सावकाश उघडायचा.

यानंतर इंजिन बंद ठेवून साबणाची परीक्षा. भांडी घासायच्या साबणाचं पाणी, एक भाग साबण आणि चार भाग पाणी, फवाऱ्याच्या बाटलीत घ्या. व्हॉल्वच्या दांड्याभोवती, कपलिंगवर, नळीची दोन्ही टोकं जिथे दाबून बसवलेली असतात तिथे, लॉक-ऑफच्या (इंजिन फिरत नसताना गॅस रोखणाऱ्या झडपेच्या) दोन्ही बाजूंना आणि रेग्युलेटरच्या जोडांवर फवारा. आणि एक पूर्ण मिनिट बघत उभे राहा. मोठी गळती लगेच बुडबुडे काढते, ती कुणाच्याही नजरेत येते. फसवते ती बारीक गळती. आधी काहीच दिसत नाही, मग मोहरीएवढे पांढरे बुडबुडे एकमेकांना चिकटून उगवतात आणि फेसाचा लहानसा गेंद तयार होतो. तो हळूहळू फुगतो, फुटत नाही. हा गेंद दिसला की व्हॉल्व बंद करायचा. बघून झालं की साध्या पाण्याने धुऊन टाका, साबण पितळेला खातो. काडी ओढून गळती शोधायची पद्धत आपल्याकडे अजूनही दिसते. ती करणाऱ्याला मैदानावर उभंच राहू देऊ नका.

ही परीक्षा रोज करायची गरज नाही. टाकी बदलली की, आणि मशीन ट्रॉलीतून लांबून आणलं असेल तर. रोज नाक वापरायचं, पण खाली वाकून. गॅस हवेपेक्षा जड आहे, प्रोपेन दीडपट आणि ब्युटेन दुप्पट, त्यामुळे तो जमिनीलगत वाहतो आणि खड्ड्यात, गटारात, तळघरात साठतो. उभ्या माणसाच्या नाकाला कुजक्या कोबीसारखा वास येईपर्यंत पायाशी बराच गॅस जमलेला असतो. हवेत साधारण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान गॅस असला की तो पेट घेतो. गळती थांबत नसेल तर वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला माणसं न्या, कुठलंही बटण दाबू नका, आणि लांब गेल्यावर १९०६ या गॅस गळतीच्या क्रमांकावर फोन लावा.

चालू करणं

गॅसच्या इंजिनाला चोक नसतो. पार्किंग ब्रेक लावा, ब्लेडचा क्लच बंद ठेवा, किल्ली फिरवा. दहा सेकंदांत चालू झालं नाही तर थांबा, मिनिटभराने पुन्हा. लॉक-ऑफची झडप इंजिन फिरत असतानाच गॅस सोडते, तेव्हा स्टार्टर सतत दाबून धरणं म्हणजे सायलेन्सरमध्ये गॅस भरत जाणं. तीनदा प्रयत्न फसला आणि वास आला तर पाच-दहा मिनिटं मशीनपासून दूर व्हा.

चालू होत नसेल तर आधी प्लग बघा. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त दाबाची ठिणगी लागते, त्यामुळे जो प्लग पेट्रोलवर अजून महिनाभर चालला असता तो गॅसवर आजच दगा देतो. फट पुस्तकात दिल्याप्रमाणेच ठेवा, ती बऱ्याचदा पेट्रोलपेक्षा कमी असते. ऑइलबद्दल एक फसगत नेहमी होते. गॅसवर ऑइल काळं पडत नाही, मधासारखं दिसत राहतं, म्हणून बदलायचं टाळलं जातं. ऑइल स्वच्छ दिसलं तरी तापून तापून त्याची वंगणक्षमता संपते. रंग बघू नका, तास मोजा, आणि पुस्तकात १०० तास लिहिले असतील तर शंभराव्या तासाला बदला.

बंद पत्र्याच्या शेडमध्ये इंजिन चालवायचं नाही. गॅस स्वच्छ जळतो हे खरं, पण कार्बन मोनॉक्साइड त्यातूनही निघतो, आणि त्याला वास नसतो.

उतार: पाणसळ आणि एक मीटरची पट्टी

आता खऱ्या धोक्याकडे. बसून चालवायच्या बहुतेक मोवरची मर्यादा १५ अंश असते, काहींची त्याहून कमी. पण १५ अंश म्हणजे किती, हे डोळ्यांना कळत नाही. डोंगराळ भागात राहणाऱ्या माणसाला तर मुळीच नाही. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटाकडे रोज बघणाऱ्याला शाळेमागचा उतार सपाटच वाटतो.

मोजायला गवंड्याची पाणसळ आणि एक मीटर लांबीची सरळ पट्टी पुरते. पट्टीचं एक टोक उताराच्या वरच्या बाजूला जमिनीवर टेकवा. पाणसळीचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत दुसरं टोक उचला. आता त्या टोकाखालची उभी फट टेपने मोजा. साडेसतरा सेंटिमीटर भरली तर उतार १० अंश. २७ सेंटिमीटरला जेमतेम १५ भरतात. मैदानाच्या सगळ्यात तिरप्या चार-पाच जागी मोजा आणि जिथे फट २७ च्या वर गेली तिथे चुन्याची रेघ मारून ठेवा. त्या रेघेच्या पलीकडे मोवर जाणार नाही, तिथे हाताने चालवायचा ग्रास कटर वापरायचा.

पण रेघेच्या अलीकडेही निर्धास्त होऊ नका. दोन चाकांमधलं अंतर एक मीटर धरा. खालच्या बाजूचं चाक ९ सेंटिमीटर खोल खड्ड्यात गेलं की उतार एकदम ५ अंशांनी वाढतो. म्हणजे १० अंशाच्या उतारावर घुशीचं एक बीळ तुम्हाला १५ वर नेतं. त्याच क्षणी वरच्या चाकाखाली दगड आला तर त्याच्याही पुढे. गवत वीतभर वाढलेलं असलं की बीळ दिसत नाही. म्हणून कापायच्या आधी मैदान पायी फिरायचं, घुशीची बिळं बुजवायची.

स्टीअरिंगवालं मशीन उतारावर वर-खाली चालवायचं, आडवं नाही. हातात दोन दांडे असणाऱ्या झीरो टर्नला तिच्या पुस्तकात दिलेली दिशा पाळा. तिची पुढची चाकं नुसती खुर्चीच्या चाकांसारखी फिरणारी असतात. ब्रेक आणि वळण दोन्ही मागच्या दोन चाकांवर असतं, आणि ती चाकं घसरली की मशीन तुमच्या हातात राहत नाही. उतारावर थांबणं, सुरू करणं, झटकन वळणं टाळा. चाक घसरू लागलं तर ब्लेड बंद करा आणि सरळ, हळू खाली उतरा. वर चढवण्याचा हट्ट नको. टाकी एकाच बाजूला बांधलेली असेल तर भरलेल्या टाकीचं वजन त्या बाजूला पडतं, हेही ध्यानात असू द्या.

ताल आणि बांध. आपल्याकडची मैदानं डोंगर कापून, खाली डबराचा ताल रचून केलेली असतात. तालाच्या कडेचं गवत कापण्याच्या नादात मागचं चाक कडेबाहेर जातं, किंवा पावसाने आतून पोकळ झालेली कड मशीनच्या वजनाने ढासळते. कडेपासून मशीनच्या दुप्पट रुंदीइतकं अंतर सोडा. तेवढा पट्टा हाताने कापावा लागतो, त्याला इलाज नाही.

सीटमागच्या लोखंडी कमानीचा आणि सीटच्या पट्ट्याचा नियम जोडीने आहे. कमान उभी असेल तर पट्टा बांधायचाच. मशीन उलटलं तर कमान तुमच्यासाठी जागा राखते आणि पट्टा तुम्हाला त्या जागेत धरून ठेवतो. झाडाखालून जाताना कमान पाडली असेल तर पट्टा बांधायचा नाही, आणि झाड संपलं की आधी कमान उभी करायची. आंब्याखालच्या सावलीत पाडलेली कमान दिवसभर तशीच राहते, हे अनेक ठिकाणी दिसतं.

सांगलीकडे उतार नसतो, तिथे काळी माती असते. वाफसा आल्याशिवाय जसं रानात कुळव घालत नाही तसंच मोवरही घालू नका. ओल्या काळ्या मातीत चाकं रुततात, चर पडतात आणि ते चर वाळल्यावर पुढच्या वेळी डेक, म्हणजे ब्लेडवरचं पत्र्याचं आवरण, त्यात आदळतो. नदीकाठच्या मैदानांवर २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी गाळाखाली काचा, तारा, पत्र्याचे तुकडे आणून टाकले आहेत आणि ते अजूनही वर येतात.

दगड, तार आणि सीटखालचा स्विच

ब्लेडच्या टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास जातो. पाचगणीच्या जांभ्याचा सुपारीएवढा खडा त्या वेगाने निघाला तर समोरच्या वर्गाची काच फोडून आत जातो. गणेशोत्सवाचा मांडव उतरवल्यावर मैदानात राहिलेल्या खुंट्या आणि बांधायची तार, क्रिकेटच्या स्टंपचे तुकडे, बाटल्या, हे सगळं आधी वेचायचं. तार ब्लेडला लागली तर तुकडे उडतात किंवा ती ब्लेडच्या फिरत्या दांड्याला, म्हणजे स्पिंडलला, गुंडाळून सील कापते. वेचताना बूट आणि हातात काठी असू द्या. ऑक्टोबरच्या उंच गवतात घोणस आणि फुरसं दोन्ही असतात. मशीन चालू असताना माणसं आणि मुलं किमान २५ मीटर लांब. कापलेलं गवत कडेला टाकणारा शूट कुणाकडेही तोंड करून असता कामा नये, आणि शूटचं झाकण काढून चालवायचं नाही. चालवणाऱ्याच्या पायात बूट, कानांवर संरक्षण, डोळ्यांवर चष्मा. गळ्यातला टॉवेल काढून ठेवा.

सीटखाली एक स्विच असतो. माणूस उठला की ब्लेड आणि इंजिन बंद करणं हे त्याचं काम. पावसाने त्याचा कनेक्टर गंजला की खडबडीत मैदानावर मशीन मधेच बंद पडतं, आणि मग दोन वायरी एकमेकींना जोडून तो कायमचा मारला जातो. दहा मिनिटांचं काम वाचतं, पण त्यानंतर माणूस खाली पडला तरी ब्लेड फिरत राहतं. स्विच बदला, कनेक्टर स्वच्छ करून ग्रीस लावा, वायर जोडू नका. दर आठवड्याला सपाट, मोकळ्या जागी परीक्षा घ्या. ब्लेडचा क्लच चालू ठेवून किल्ली फिरवली तर इंजिन चालू होता कामा नये. बसून ब्लेड चालू करा आणि मशीनवरून न उतरता सीटवरून नुसते जरा वर उठा, इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. यातलं एक जरी चुकलं तर त्या दिवशी मशीन बाहेर काढू नका.

मुलांना मांडीवर बसवून फेरी मारायची नाही. मागे घेताना ब्लेड बंद, मान वळवून खालपर्यंत बघून मगच.

डेक, ब्लेड, चाकं

चाकातली हवा हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. या टायरना १० ते १५ पीएसआय एवढीच हवा लागते, नेमका आकडा टायरवर किंवा पुस्तकात असतो. पंक्चरवाला सवयीने ३० भरून देतो. मग मशीन चेंडूसारखं उडतं, उतारावर पकड जाते. दोन बाजूंना वेगळी हवा असेल तर डेक तिरका होतो आणि मैदानावर पट्टे दिसतात. म्हणून आधी हवा, मग डेक.

डेक मोजायला सिमेंटची सपाट फरशी लागते. किल्ली काढा, प्लगची वायर काढून बाजूला ठेवा, टाकीचा व्हॉल्व बंद करा. जाड मोजे घालून ब्लेड आडवं फिरवा आणि दोन्ही टोकांची फरशीपासूनची उंची मोजा. डाव्या-उजव्यात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. मग ब्लेड पुढे-मागे करा. पुढचं टोक मागच्यापेक्षा ३ ते ६ मिलिमीटर खाली असावं, नाहीतर ब्लेड एकदा कापलेलं गवत पुन्हा मागे घासतं आणि टोकं पिवळी पडतात.

ब्लेड काढायचं असेल तर जॅकवर भरवसा ठेवून खाली जाऊ नका, लाकडी ठोकळे किंवा स्टँड द्या. गॅसचं मशीन कुशीवर कलंडवून ब्लेड काढायचं नाही. धार साधारण ३० अंशांवर, दोन्ही टोकांना सारखी. मग ब्लेड मधल्या भोकातून भिंतीतल्या खिळ्यावर अडकवा. एक बाजू खाली गेली तर त्या बाजूचं मागचं अंग थोडं घासा, धार नको. असमतोल ब्लेड स्पिंडलचे बेअरिंग खातं आणि त्याची थरथर गॅसच्या जोडांपर्यंत पोचते. बसवताना वर वळलेली पाखं डेकच्या दिशेला. उलटं बसवलेलं ब्लेड गवत नुसतं लोळवतं.

गवत एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. पावसाळ्यात हरळी हातभर वाढली तर आधी डेक सगळ्यात वर ठेवून एक फेरी, दोन-तीन दिवसांनी दुसरी. ओलं गवत डेकखाली शेणासारखं थापलं जातं, ते लाकडी पट्टीने खरवडून काढा. कोरड्या दिवसांत उलटी काळजी. सुकं गवत इंजिनाच्या पंख्यांत आणि सायलेन्सरभोवती अडकतं आणि पेट घेतं. आपल्या डोंगरांवर नोव्हेंबरनंतर एका ठिणगीने वणवा लागतो आणि इथे शेजारी गॅसची टाकी आहे. दर दोन तासांनी इंजिन बंद करून, थंड झाल्यावर ब्रशने गवत काढा. मशीनजवळ ड्राय पावडरचं अग्निशामक असू द्या, पण मशीनवर बांधलेलं नको. आग लागली तर ते हाताशी आलं पाहिजे.

काम संपल्यावर

किल्ली लगेच बंद करू नका. आधी ब्लेड बंद, मशीन सपाट जागी, पार्किंग ब्रेक. मग टाकीचा व्हॉल्व बंद करा आणि इंजिन चालू राहू द्या. नळीत उरलेला गॅस जळून इंजिन स्वतः बंद पडतं, तेव्हा किल्ली काढा. यामुळे रात्रभर नळीत दाबाखाली द्रव राहत नाही.

ट्रॉलीतून न्यायचं असेल तर व्हॉल्व बंद आहे ना, हे चढवायच्या आधी पुन्हा बघा. पावसाळ्यासाठी किंवा दोन आठवड्यांपेक्षा जास्त मशीन ठेवायचं असेल तर टाकी काढा, तोंडाला टोपी लावा आणि उभी ठेवा. मशीनवर ती आडवी असते म्हणून साठवणुकीतही आडवी टाकली जाते, तसं नको. जागा बाहेरची, सावलीची, कुलूपबंद जाळीची असावी. जवळ गटाराचं तोंड, बोअरचा खड्डा, तळघराची खिडकी नसावी. जाळीच्या खालच्या बाजूलाही हवा खेळली पाहिजे. वरून हवेशीर आणि खाली विटांची भिंत अशी खोली गॅसला अडवून ठेवते. रिकामी टाकीही भरल्यासारखीच ठेवायची, तिच्यात वाफ उरलेली असते. नळीवर टाचणीएवढ्या भेगा दिसायला लागल्या असतील तर पुढच्या हंगामाची वाट न बघता आत्ताच बदलून घ्या, कारण सप्टेंबरात गवत वाढलेलं असतं आणि तेव्हा नळीकडे बघायला कुणाला वेळ नसतो.